पानांतून दिसणारं आभाळ

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीच्या शिवाराचा एक फोटो काढला, तर त्यात झाडांच्या चार तऱ्हा एकाच वेळी दिसतील. बांधावरचा कडुनिंब तांबूस पालवीने भरलेला. पळसाची फुलं सरत आलेली आणि पानांचा पत्ता नाही. बाभूळ हिरवी, पण विरळ. कुणाच्या विहिरीजवळ साग असेल तर त्याच्या नुसत्या काड्या उभ्या. यातलं आजारी झाड कोणतं? 'हिरवं ते निरोगी' एवढंच शिकवलेला संगणक पळसाकडे आणि सागाकडे बोट दाखवेल. ती दोन्ही झाडं ठणठणीत आहेत. पानं गाळून उन्हाळा काढणं हा त्यांचा दरवर्षीचा क्रम आहे. कडुनिंबाच्या वरच्या फांद्यांची टोकं मात्र गेल्या पावसाळ्याअखेर करपली असतील, तर नव्या पालवीच्या गर्दीत ती संगणकाच्या नजरेतून सुटून जातील.

खोडाच्या वर पसरलेला फांद्यापानांचा सगळा डेरा पाहून झाडाची प्रकृती सांगायची, आणि ती माणसाच्या अंदाजाऐवजी छायाचित्रावरून मोजायची, हा वनशास्त्रातला गेल्या अर्धशतकातला मोठा उद्योग आहे. कॅमेरे सुधारले, उपग्रह वाढले, संगणकाला एकेक झाड वेगळं ओळखता येऊ लागलं. मोजण्याचं तंत्र पुष्कळ पुढे गेलं आहे. अडलं आहे ते मापावर. कोणत्या महिन्यात कोणतं झाड कसं दिसायला हवं, याची त्या त्या भागातली नोंद असल्याशिवाय सगळ्यात महागडा कॅमेराही फक्त रंग मोजतो, प्रकृती मोजत नाही. हा आढावा त्या मापाच्या शोधाचा आहे, आणि तो धाराशिव जिल्ह्याच्या बाजूने घेतला आहे, कारण इथे झाडं थोडी आहेत. थोडी असतात तेव्हा प्रत्येकाची तब्येत विचारावी लागते.

डेराच का पाहायचा? मुळं जमिनीत, खोडाची हानी सालीआड. झाडाच्या आत काय चाललं आहे ते बाहेर पहिल्यांदा दिसतं ते पानांत आणि शेंड्यात. जमिनीतलं पाणी खाली गेलं की मुळांपासून पानापर्यंत ताणून धरलेला पाण्याचा धागा वरच्या टोकाला आधी तुटतो, वाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरतात, आणि ती काडी कोरडी पडते. म्हणून दुष्काळात झाड वरून खाली वाळत येतं. शेतकरी त्याला शेंडेमर म्हणतात. संत्र्या-मोसंबीच्या बागांमुळे हा शब्द मराठवाड्यात सगळ्यांच्या तोंडी आहे. २०१२-१३च्या दुष्काळात जालना भागातल्या मोसंबीच्या बागा अशाच वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्या तोडून सरपण केल्या. पण रानातलं किंवा बांधावरचं झाड लगेच मरत नाही. दुष्काळानंतर वर्षा-दोन वर्षांनी, कधी चांगला पाऊस झालेल्या साली, ते उभ्याउभ्या वठतं. त्या मधल्या काळात त्याच्या डेऱ्यात काय घडत होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

ते लिहून ठेवायची पद्धत युरोपने घातली, तीही भीतीपोटी. १९८०च्या सुमारास जर्मनीत सिल्व्हर फर आणि स्प्रूसची झाडं पिवळी पडू लागली, सुया गळू लागल्या. गटिंगन विद्यापीठातले मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिख यांनी आम्लवर्षेकडे बोट दाखवलं, आणि जंगलं संपणार या काळजीने देश हादरला. त्यातून १९८५ साली संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाखाली 'आयसीपी फॉरेस्ट्स' हा कार्यक्रम सुरू झाला. साऱ्या युरोपवर १६ किलोमीटरची चौकट आखली, चौकटीच्या छेदांवर झाडं ठरवली, आणि दरवर्षी उन्हाळ्यात प्रशिक्षित माणसं दुर्बिणी घेऊन त्याच झाडांपाशी जाऊ लागली. प्रत्येक झाडाची किती टक्के पानं कमी आहेत हे पाच-पाच टक्क्यांच्या पायरीने लिहायचं. दहापर्यंत निरोगी, पंचवीसपर्यंत सावध राहण्यासारखं, पंचवीसच्या पुढे बाधित, साठच्या पुढे गंभीर. हे काम आजही चालू आहे.

या पद्धतीत एक कच्चा दुवा पहिल्यापासून होता. 'किती टक्के कमी' म्हणजे कशाच्या तुलनेत कमी? काही देशांनी जवळपासचं एखादं भरगच्च झाड प्रमाण मानलं, काहींनी त्या जातीचं आदर्श झाड मनात धरलं. स्वित्झर्लंडने यावर उपाय म्हणून १९९० साली जातीवार छायाचित्रांचं पुस्तक काढलं: हे दहा टक्के, हे तीस टक्के, हे सत्तर. तरीही निरीक्षक बदलला की आकडा बदलत होता. जॉन इन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली तीन देशांच्या पाहणीकारांचे अंदाज ताडून पाहिले, तेव्हा तीच झाडं पाहूनही त्यांचं एकमत होत नव्हतं. सीमेच्या एका बाजूला जंगल आजारी आणि दुसऱ्या बाजूला बरं, असे नकाशे यातूनच तयार होत होते. दोष कुणा एका माणसाचा नव्हता. ढगाळ दिवशी डेरा दाट वाटतो, उन्हात विरळ. आदल्या दिवशी वाळकी झाडं पाहिली असतील तर आजचं मध्यम झाड बरं दिसतं. नोंदवहीत मागच्या वर्षीचा आकडा दिसला तर हात तिकडेच वळतो.

इथे छायाचित्र कामाला आलं. जपानच्या क्युशू विद्यापीठातले नोबुया मिझोए यांनी 'क्रोको' नावाची अर्धस्वयंचलित पद्धत बांधली आणि २००२च्या सुमारास ती मांडली. तिची कल्पना मला अजूनही या विषयातली सर्वांत देखणी वाटते. झाडाचा आभाळाच्या पार्श्वभूमीवर फोटो घ्यायचा. संगणकाने त्याचे दोनच रंग करायचे, झाड काळं आणि आभाळ पांढरं. मग दोन आकृत्या मोजायच्या: एक सगळी काळी छायाकृती, दुसरी तिची फक्त किनार. दोन्हींचा वेडेवाकडेपणा भग्नमितीच्या, म्हणजे फ्रॅक्टलच्या गणिताने आकड्यात आणायचा. डेरा भरगच्च असेल तर छायाकृती सलग पृष्ठभागासारखी असते आणि किनार साध्या रेघेसारखी. दोन आकड्यांत मोठं अंतर पडतं. पानं गळून मधूनमधून आभाळ दिसू लागलं की किनार आत शिरते, भोकाभोकाने वळते. अगदी उघड्या झाडात काड्या म्हणजेच किनार, आणि दोन आकड्यांतलं अंतर जवळजवळ मिटतं. हे अंतर हेच विरळपणाचं माप. त्याला निरीक्षकाची मनःस्थिती ठाऊक नाही, मागच्या वर्षीचा आकडाही ठाऊक नाही.

हे करण्यासाठी जो पहिला टप्पा लागतो, पान आणि आभाळ वेगळं करण्याचा, त्यावर सगळं यश टिकून असतं. रंगीत फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांचा असतो. आभाळ निळ्या थरात सर्वांत उजळ आणि पान सर्वांत काळोखं दिसतं, कारण पानातलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतं. म्हणून निळा थर एकटा घेऊन सीमारेषा ठरवतात. ती सीमा हाताने न ठरवता प्रकाशाच्या विभागणीवरून आपोआप काढायची रीत नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली दिली, ती आजही वापरात आहे. एवढं सगळं नीट झालं तरी सूर्य समोर असेल तर पानांच्या कडा उजेडात विरघळतात आणि डेरा प्रत्यक्षाहून विरळ ठरतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना किंवा सगळीकडे सारखे ढग असताना फोटो घ्यावा, हा नियम म्हणूनच आहे.

आपल्याकडे हा विषय परदेशातून उशिरा आला असा एक समज आहे, तो खरा नाही. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवातच झाडांच्या डेऱ्यांपासून झाली. १९७० साली प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी केरळात नारळाच्या मूळमर (रूट विल्ट) रोगाचा माग काढण्यासाठी हेलिकॉप्टरमधून हॅसलब्लाड कॅमेऱ्याने अवरक्त फिल्मवर छायाचित्रं घेतली. निरोगी पान लाल प्रकाश गिळतं, पण डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जवळजवळ निम्मा परत फेकतं. ते काम पानातल्या पेशींच्या रचनेचं असतं. रचना ढासळली की हा परतावा घटतो, बहुधा डोळ्याला पिवळेपणा दिसायच्या आधी. तेव्हा आपला एकही उपग्रह नव्हता. पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए वर गेला तो १७ मार्च १९८८ला. म्हणजे उपग्रहाच्या अठरा वर्षं आधी या देशात कुणीतरी झाडाच्या माथ्यावरून त्याचं दुखणं वाचत होतं.

त्याच भौतिकशास्त्रावर आजचा सर्वांत प्रसिद्ध निर्देशांक उभा आहे. अवरक्त वजा लाल, भागिले अवरक्त अधिक लाल. याला एनडीव्हीआय म्हणतात. शेतीपासून दुष्काळ जाहीर करण्यापर्यंत तो वापरला जातो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५पासून तो दहा मीटरच्या बारकाईने फुकट देतात, आणि जोडी पूर्ण झाल्यापासून दर पाच दिवसांनी देतात. त्यांच्याकडे लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचे खास पट्टेही आहेत. हरितद्रव्य घटू लागलं की ही सीमा सरकते आणि दुखणं लवकर कळतं.

आता हे बेंबळीच्या बांधावर लावून पाहू. दहा मीटरचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे शंभर चौरस मीटर. दहा मीटर व्यासाचा डेरा असलेला मोठा कडुनिंब सुमारे ७८ चौरस मीटर झाकतो. म्हणजे एक अख्खं झाडही एक ठिपका भरत नाही, आणि झाड काही ठिपक्याच्या बरोबर मध्यभागी उभं राहत नाही. उरलेल्या जागेत तूर आहे, सोयाबीन आहे, नाहीतर ऊस. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढलं की ठिपका एकदम करडा होतो. झाड आहे तसंच असतं. भारतीय वन सर्वेक्षण वर्षानुवर्षं वापरत आलेल्या लिस-३ या संवेदकाचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाचशे चौरस मीटरचा. त्यात बांधावरचं झाड दिसण्याची अपेक्षाच करू नये.

वन सर्वेक्षणाच्या द्वैवार्षिक अहवालांबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे 'जंगलाची स्थिती' म्हटलं की तेच आकडे पुढे येतात. १९८७पासून निघणाऱ्या या अहवालांत जंगल छत्राच्या दाटीनुसार विभागलेलं असतं: सत्तर टक्क्यांच्या वर अतिदाट, चाळीस ते सत्तर मध्यम, दहा ते चाळीस विरळ, त्याखाली झुडपी. धाराशिव जिल्ह्याचं वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्क्याच्याही आत आहे. हा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो किती जमीन झाकली हे सांगतो. झाकणारं झाड कोणतं आणि कसं आहे, हे सांगत नाही. एका हेक्टरवर धावडा, सालई, खैर असतील आणि दुसऱ्यावर गिरिपुष्प नि वेडी बाभूळ, तरी दाटी सारखी भरली तर दोन्हींचा रंग नकाशात एकच. जुनी झाडं शेंड्याकडून वाळत असतील आणि खाली घाणेरी माजली असेल, तर वरून पाहणाऱ्याला हिरवळ वाढलेलीच दिसते. दाटी आणि प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीच्या आकड्यावरून दुसरीचे निष्कर्ष काढत आलो आहोत.

शिवाय या अहवालांसाठीची चित्रं पावसाळ्यानंतरची, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमधली घेतात. पानं असतात आणि ढग नसतात, म्हणून ते रास्तच आहे. पण नेमकं त्याच काळात सागावर दुसरं संकट असतं. पानांची जाळी करणारी एक अळी, यूटेक्टोना मॅकेरॅलिस, ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये सागाच्या पानातला हिरवा भाग खाऊन शिरा तेवढ्या ठेवते. लांबून अख्खी टेकडी वणव्यात होरपळल्यासारखी तपकिरी दिसते. पानं झाडावरच असतात, म्हणून छायाकृतीच्या गणिताला डेरा भरगच्च वाटेल. रंगाच्या गणिताला तो मेलेला वाटेल. दोन्ही चूक. सागाची वाढ त्या वर्षी खुंटते, झाड जगतं. आणि जून-जुलैमध्ये येणारी हिब्लिया प्युएरा ही दुसरी अळी कोवळी पानं पूर्ण फस्त करते. त्यानंतर महिनाभरात पुन्हा पालवी फुटते. ती घटना घडते तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि उपग्रहाच्या चित्रात ढगच येतात. ढगांतून पाहणारं रडार आहे. ३० जुलै २०२५ला सोडलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह असंच रडार घेऊन गेला आहे. पण रडारला रंग दिसत नाही, आकार आणि ओलावा कळतो.

चुकीचा अंदाज किती महाग पडतो, हे मध्य प्रदेशाने १९९०च्या दशकाच्या शेवटी अनुभवलं. मंडला-दिंडोरीच्या सालवनांत खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची प्रचंड साथ आली. बाधित झाडांची टी-१ ते टी-७ अशी वर्गवारी केली, डेरा किती वाळला आणि बुंध्याशी किती भुसा पडला यावरून. कोणत्या वर्गाची झाडं तोडायची यावर मोठा वाद पेटला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सरकणं म्हणजे झाडाचं जगणं किंवा कुऱ्हाड, आणि तो निर्णय एका माणसाने खालून वर पाहून घ्यायचा. डेऱ्याचं माप ही केवळ अभ्यासकांची हौस नव्हे, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आता अलीकडच्या झेपेकडे. गेल्या दहा वर्षांत संगणकाला चित्रांतून शिकवण्याची पद्धत बदलली. पूर्वी 'निळा थर घे, सीमा काढ' असे नियम सांगावे लागत. आता हजारो झाडांभोवती माणसांनी रेघ ओढून दिली की संगणक नवं झाड आपणहून ओळखतो. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातल्या बेन वाइनस्टाइन यांच्या गटाने 'डीपफॉरेस्ट' हे असं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. कोपनहेगन विद्यापीठाचे मार्टिन ब्रांट आणि सहकाऱ्यांनी २०२० साली पश्चिम आफ्रिकेच्या वाळवंटी नि निमवाळवंटी पट्ट्यात १८० कोटी सुटी झाडं एकेक करून मोजली. तोवर त्या भागात झाडं नाहीत असंच नकाशे म्हणत होते.

याच गटाने मग भारताकडे पाहिलं, आणि २०२४च्या मे महिन्यात 'नेचर सस्टेनेबिलिटी'त आलेला त्यांचा अभ्यास आपल्याला थेट भिडतो. शेतातली सुमारे साठ कोटी झाडं त्यांनी उपग्रहचित्रांत शोधली. २०१०-११मध्ये दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी सुमारे अकरा टक्के २०१८पर्यंत नाहीशी झाली होती. ही सरासरी ९६ चौरस मीटर डेऱ्याची, म्हणजे अकरा मीटर व्यासाची झाडं. पुढे २०१८ ते २०२२ या काळात आणखी पन्नास लाखांहून अधिक मोठी झाडं गेली. ऱ्हासाचे सर्वांत गडद पट्टे मध्य भारतात होते, त्यांत तेलंगण आणि महाराष्ट्राची नावं होती. काही जागी तर निम्मी मोठी झाडं नाहीशी झाली. आणि ती रोगाने मेली, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. गावांत जाऊन विचारल्यावर शेतकऱ्यांनी सांगितलं की बोअरचं पाणी आलं, पीक बदललं, झाडाच्या सावलीत उतारा कमी येतो, म्हणून काढली.

या अभ्यासाचं मोल मोठं आहे. वनक्षेत्राबाहेरच्या वृक्षाच्छादनात महाराष्ट्र देशात पहिला, असं २०२१च्या वन अहवालात नोंदलं आहे. त्या आकड्याच्या पोटात जुनी डेरेदार झाडं जात आहेत आणि कोवळी लावली जात आहेत, हे चित्रांनीच उघड केलं. पण हा अभ्यास 'आहे' आणि 'नाही' या दोनच उत्तरांत बोलतो. आपल्या वृक्षलागवडीच्या मोहिमाही तशाच बोलल्या. राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार, २०१८ साली तेरा आणि २०१९ साली तेहेतीस कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवली गेली. फोटो काढले, जागेचे अक्षांश-रेखांश जोडले. मोजलं गेलं ते लागलं की नाही, जगलं की मेलं. जगणं आणि मरणं यांच्यामध्ये जो मोठा प्रदेश आहे, दोन-तीन उन्हाळ्यांत शेंडा गमावत जाणाऱ्या झाडाचा, त्याची नोंद ठेवणारा रकाना या कागदांत नाही.

डिसेंबर २०२४मध्ये आपल्याच तालुक्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. पट्ट्यांवरून तो यवतमाळच्या टिपेश्वरचा असल्याचं कळलं. इतक्या दूरच्या प्राण्याची ओळख एका छायाचित्राने पटली, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं आणि ते योग्यच होतं. त्याच अभयारण्यातल्या सालईची प्रकृती मात्र तशा एका छायाचित्रात कळत नाही. वाघाचे पट्टे जन्मापासून मरेपर्यंत तेच राहतात, आणि ताडून पाहायला जुने फोटो जपलेले असतात. झाडाचा डेरा दर महिन्याला बदलतो, आणि जुना फोटो जपलेला नसतो. झाडाच्या बाबतीत एक चित्र जवळजवळ निरुपयोगी. चित्रांची मालिकाच बोलते.

म्हणून मला युरोपची पद्धत जशीच्या तशी इथे आणणं पटत नाही. तिथल्या स्प्रूसच्या सुया वर्षानुवर्षं झाडावर राहतात. डेरा विरळ झाला म्हणजे काहीतरी बिघडलं. आपल्या बालाघाट डोंगररांगेतली सालई डिसेंबरपासून मेपर्यंत उघडी असते. पिंपळ आणि कडुनिंब वसंतात जुनी पानं टाकून थोड्याच दिवसांत नवी घेतात. चिंच चैत्राच्या आसपास पान बदलते, पण दोन शेजारच्या चिंचांची तारीख एक नसते. इथे विरळपणापेक्षा वेळ अधिक बोलकी आहे. पानं कधी आली, किती दिवस टिकली, शेजारच्या त्याच जातीच्या झाडापेक्षा किती आधी गळली. दुष्काळी साली झाड पानं लवकर टाकतं. तेच झाड चांगल्या साली टाकू लागलं तर तो पहिला इशारा. भारतात सीझनवॉच हा उपक्रम नागरिकांकडून आणि शाळांतल्या मुलांकडून ठरलेल्या झाडांच्या पानाफुलांच्या नोंदी आठवड्याला घेतो. अशा नोंदी आणि छायाचित्रं एकत्र आली तर माप आपोआप तयार होईल.

दुसरी अडचण माणसाच्या हाताची. शेळ्या-मेंढ्यांच्या पाल्यासाठी बाभळी आणि हिवर छाटले जातात, पिकावर सावली नको म्हणून कडुनिंबाच्या एका बाजूच्या फांद्या उतरवल्या जातात, तारेखालची झाडं मध्येच कापलेली असतात. यंत्राला यातला फरक कळत नाही. त्याला सगळं शेंडेमरच. इथे गावातल्या माणसाचा एक शब्द हजार चित्रांवर भारी आहे: 'छाटलंय.' नोंदीत हा रकाना पहिला हवा.

तिसरी अडचण आपल्या खिशातच आहे. आजचे फोन फोटो काढत नाहीत, सजवतात. सावली उजळतात, हिरवा गडद करतात, आभाळ निळं करतात, पानांच्या कडा धारदार करतात. समारंभाला हे छान, मोजमापाला घातक. आज एका फोनने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने घेतलेल्या फोटोतला हिरवेपणाचा फरक झाडाचा नसून फोनचा असू शकतो. फोनच्या आपोआप सुधारणा बंद करून, शक्य तर कच्च्या स्वरूपात फोटो घ्यावा, आणि चौकटीच्या कोपऱ्यात एक पांढरा नि एक करडा पुठ्ठा धरावा, म्हणजे रंग नंतर जुळवता येतो. छायाकृतीचं माप रंगावर कमी अवलंबून असल्याने फोनसाठी ते अधिक भरवशाचं. ड्रोनने वरून पाहता येतं आणि एकेक डेरा सुटा दिसतो, पण परवाने, बॅटरी, वारा आणि खर्च पाहता ते दरमहा होणारं काम नाही. स्वामित्व योजनेसाठी राज्यातल्या गावठाणांची ड्रोनने चित्रं घेतली गेली आहेत. ती घरांच्या हद्दीसाठी आहेत. त्यांत पारावरचे पिंपळ, शाळेपुढचे कडुनिंब अनायासे आले आहेत. ती चित्रं झाडांच्या अभ्यासासाठी खुली व्हावीत, असं मला कळकळीने वाटतं.

आणि या सगळ्या अडचणींत बेंबळीसारख्या गावाची एक बाजू जमेची आहे. जंगलात एका झाडाचा डेरा दुसऱ्यात घुसलेला असतो. मागे आभाळ नसतं, दुसरं झाड असतं. क्रोकोसारख्या पद्धती तिथेच अडखळतात. बांधावरचं झाड एकटं असतं, सगळ्या बाजूंनी दिसतं, मागे मोकळं आभाळ असतं, त्याचा मालक माहीत असतो आणि ते कुणी कधी छाटलं हेही माहीत असतं. डेऱ्याच्या छायाचित्रमापनासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

कडुनिंबावर आधी लक्ष द्यावं, असं माझं मत आहे. फोमॉप्सिस ॲझाडिराक्टे या बुरशीने होणारी कडुनिंबाची शेंडेमर १९९०च्या दशकात कर्नाटकात नोंदली गेली. २०२१मध्ये तेलंगणात कडुनिंबांचे डेरे मोठ्या प्रमाणावर तपकिरी पडले, तेव्हा लोक घाबरून गेले. बरीच झाडं पुढच्या वसंतात पुन्हा फुटली. पण किती फुटली, कितीचा शेंडा कायमचा गेला, दरवर्षी तोच तडाखा बसल्यावर पाचव्या वर्षी डेरा केवढा उरतो, याचं उत्तर आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांशिवाय देता येत नाही. कर्नाटकाची सीमा आपल्या जिल्ह्याला लागून आहे आणि तेलंगण त्यापलीकडे फार दूर नाही. बुरशीचे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात.

नोंद कुठे ठेवायची याचीही सोय आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर राज्यभर या वह्या घाईने भरल्या गेल्या. त्यांत जातींची यादी असते. झाडांच्या प्रकृतीसाठी तिला चार पानं जोडली तरी पुरे: गावातली निवडक जुनी झाडं, प्रत्येकासाठी जमिनीत रोवलेला एक दगड, ज्यावर उभं राहूनच फोटो घ्यायचा, दिशा, फोनचं नाव, आणि छाटणीचा रकाना. शाळेतली मुलं हे करू शकतात. भूगोल आणि गणित दोन्ही विषयांचा त्यात अभ्यास होतो. वर्षातून तीन वेळा पुरेत. एकदा श्रावणात, डेरा सर्वांत भरलेला असताना, कारण तेच त्या झाडाचं स्वतःचं प्रमाण. एकदा वैशाखात, कोणती फांदी पालवली नाही ते पाहायला. आणि एकदा दसऱ्याच्या आधी, पाऊस ओसरता ओसरता, कारण कडुनिंबाची टोकं करपतात ती त्याच दिवसांत, आणि दिवाळीनंतर वाळकी पानं गळून गेली की करपलेली काडी आणि आधीच मेलेली काडी फोटोत वेगळी ओळखू येत नाही.